कु.बं.

माणसामागे नव्हे, फॉर्मामागे अठरा रुपये मिळायचे मला.
टॅब कंपनीचा, चप्पल माझी.
तुर्भ्याच्या बंद पडलेल्या खदाणीखाली
सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच
दारांवर लाल ऑइलपेंटने आकडे घालत चढायचं,
माणसं मोजायची,
म्हणजे माणसांचे कागद मोजायचे.

दार उघडं असलं तर बावीस रकाने.
मालक की भाडेकरू, लाइटबिल, मतदार यादी,
संडास स्वतःचा की सार्वजनिक,
शेवटी कुटुंबप्रमुखाचा फोटो
दारात उभं करून, आकड्याची पाटी छातीशी धरायला लावून.
एका म्हाताऱ्याने विचारलं,
"कलम कुठलं लावलंय, साहेब?"
मी हसलो. तो नाही हसला.

दार बंद असलं तर दोनच अक्षरं: कु.बं.
कुलूपबंद.
अर्ध्या मिनिटाचं काम, आणि रुपये तेच अठरा.
खोटं कशाला बोलू,
दुपारी पत्रे तापायला लागले की
बंद दारं मला आवडायची.

११७ ला मी दोनदा गेलो.
नियम दोनदाचा आहे.
एकदा रात्री जाऊन बघा, असं नियमात कुठे नाही.
ओट्यावर तीन निळे ड्रम, साखळीने एकमेकांना बांधलेले.
रंगाच्या रिकाम्या डब्यात ओवा लावलेला,
माती ओली.
माती ओली होती, हे मी पाहिलं.
त्याला रकाना नव्हता.

नऊ महिन्यांनी यादी लागली.
वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लोक
बोटाने नावं उकरत होते,
अशिक्षित बोटं आकड्यांवरून, शिकलेली आडनावांवरून.
११६.
११८.

मी तेव्हा आत, हरकतींच्या टेबलावर.
तेही कंत्राटच, त्याच कंपनीचं.
यल्लव्वा धोत्रे आली तेव्हा
तिच्याआधी कांद्याच्या सालींचा वास आला.
बरोबर वकील नाही, नगरसेवकाचा माणूस नाही.
पिशवीतून तिने कुलूप काढलं
आणि ठेवलं माझ्या पेपरवेटशेजारी.
पितळी, जड, एका बाजूने हाताने झिजलेलं.

म्हणाली,
"रात्री दोनला मार्केटात कांदा निवडायला जाते.
तितनं वाशीला, तीन घरची भांडी.
पाचला वर चढते.
तुम्ही पाचला खाली उतरता.
मी बघितलंय तुम्हाला. पायवाट अरुंद,
म्हणून मीच बाजूला झाले होते."

मला आठवलं नाही.
आठवायला हवं होतं असं वाटून
मी उगाच पेनाचं टोपण शोधत राहिलो.

"हे तुम्हीच लिवलं न्हवं? बराबर लिवलं.
पण मोकळ्या जागेला कुलूप कोण लावतं, दादा?"

आतून साहेब म्हणाले, पुरावा जोडा.
ती म्हणाली, जोडलाय की.
साहेब म्हणाले, अहो, कागद.
ती काहीच बोलली नाही.
कुलूपही तिथेच राहिलं, पंख्याखाली,
बाकी सगळे अर्ज फडफडत असताना.

मग मी आवक रजिस्टर ओढलं.
अर्जदार: यल्लव्वा हणमंत धोत्रे.
विषय: ११७.
सोबत जोडलेली कागदपत्रे:
कुलूप, पितळी, एक नग, चालू स्थितीत.
शिक्का मारला. पोच दिली.
"आणि घराला?" मी विचारलं.
"दोरी बांधलीय."
पोच चार घड्या करून तिने कनवटीला लावली
आणि निघाली, पाचच्या आत पोचायचं म्हणून.
तो दिवस तिचा बुडला होता. तो कुठल्या रजिस्टरात चढवायचा
मला अजून कळलेलं नाही.

आता ती फाइल बंद होत नाही.
कुठेही जाते तिथे वजन घेऊन जाते.
कापडी बस्त्यात मधोमध फुगवटा,
शिपाई तिला दोन हातांनी उचलतो.

परवा साहेबांनी बस्ता सोडला.
कुलूप उचललं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं.
"चावी?"

"अर्जदाराकडे," मी म्हणालो.